आठवी ब च्या वर्गशिक्षकांस

सर किंवा मॅडम,
वर्ग कुणाला मिळणार ते अजून ठरलं नाही, असं ऑफिसात कळलं,
म्हणून नुसताच नमस्कार.

सोबतची फाइल हर्षाली नथ्थू तायडे हिची.
आत प्रमाणपत्र आहे, टक्केवारी आहे,
फोटोत ती हसत नाही,
कारण फोटोवाला चारदा ओरडला, मान सरळ धर.
मान सरळ धरणं म्हणजे तिच्यासाठी
भरला हंडा डोक्यावर घेऊन गणित सोडवणं.
हे फाइलीत नाही.

हेही नाही, की ती उत्तर देते
पण उत्तर निघायला वेळ लागतो.
प्रश्न विचारून लगेच फळ्याकडे वळू नका.
मनात दहा मोजा.
पहिल्या वर्षी मी चारवरच वळायचे,
आणि पाठीमागे तिचा शब्द
पूर्ण होऊन पडायचा,
कुणीच उचलायचं नाही.

गावची शाळा सातवीला संपते.
तिथे वॉकर कोण धरणार, डब्याचं झाकण कोण उघडणार,
सात वर्षांत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
आता निम्मी पोरं सावद्याला, काही आश्रमशाळेत,
एकटी तनुजा हिच्यासोबत फैजपूरला.
शाळा सोडल्याचा दाखला मुलीला मिळतो,
सवयीला मिळत नाही.

मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात,
आम्ही तुमची शाळा बघून गेलो.
वडील केळी कापणाऱ्या टोळीत आहेत, त्यांनी खाडा केला.
वॉकरच्या मुठींना गुंडाळलेली सोपटाची दोरी त्यांचीच,
भिजली की घसरते, लक्ष असू द्या.
मी टेप लावला :
दरवाजा तीस इंच, वॉकर चोवीस.
जिना एकवीस पायऱ्या.
मुलींच्या संडासाचा उंबरा सात इंच.
मोठे सर म्हणाले, आठवी ब पहिल्यापासून वरच असते.
मग वडिलांना म्हणाले, हिला झेपेल का?
वडील आपल्या चपलांकडे बघत राहिले.
दहा आकडे झाले असतील.
"मले इचारा नं," हर्षाली म्हणाली,
"बापाले कायले इचारता?"

नंतर बराच वेळ पंखाच बोलत होता.

सुपडूभाऊ शिपाई दाराशी उभे होते.
कुणी काही सांगायच्या आत
स्टूल घेऊन वर गेले,
पाटीचे स्क्रू काढले,
आणि आठवी ब खाली आणली,
प्रयोगशाळेशेजारच्या खोलीवर.
पाटी जरा तिरकी लागली आहे.
असू द्या तशीच.

उंबरा अजून सात इंचच आहे.
अर्ज दिलाय, आवक क्रमांक एकशे अठरा.
गावच्या शाळेतला उंबरा फोडेपर्यंत
ती दिवसभर पाणी पीत नव्हती.
हे तिने कधी सांगितलं नाही.
एकदा सहज तिची बाटली उचलली, संध्याकाळी,
तर गळ्यापर्यंत भरलेली.
तुम्हीही अधूनमधून बाटली उचलून बघा.

हे पत्र मी तिला वाचायला दिलं.
तिने दोन ठिकाणी काट मारली.
एका जागी मी "जिद्दी" लिहिलं होतं.
म्हणाली, "तसं लिवलं का मंग रोज जिद्द करा लागते."
दुसरं काय खोडलं ते सांगत नाही,
ते तिचं आहे.

माझा करार अकरा महिन्यांचा.
दिवाळीनंतर दर मंगळवारी मी येईन,
किंवा दुसरं कुणी,
किंवा रिकामी जागा येईल.
म्हणून एवढं लांबलं.

खालची ओळ तिच्या अक्षरात आहे.
लिहायला सहा मिनिटं लागली,
मी मध्ये बोलले नाही.
शाई थोडी फिसकटली आहे, पण वाचता येतं :

मले पहिला बाक नको. मागचा द्या. तनुजाजवळ.